साहेबाच्या कोटाचे सात टाके

९ फेब्रुवारी

प्रिय रीळमास्तर,

तुझा फोन आला तेव्हा मी दुकानात होतो आणि तुझी वहिनी समोर बसून काजं करत होती. तू 'साहेब' एवढा एकच शब्द उच्चारलास आणि तिने चष्म्यावरून असं पाहिलं की मी 'पत्रात लिहितो' म्हणून फोन ठेवून दिला. करार म्हणजे करार. साहेबाचा विषय फोनवर काढायचा नाही, हे दोन्ही घरच्या बायकांनी ठरवून दिलं त्याला आता अकरा वर्षं होतील. त्या दिवशी आपण पावणेतीन तास भांडलो होतो आणि दोन्ही घरांत दूध उतू गेलं होतं.

तर आता निवांत लिहितो. तुझ्या थिएटरात साहेबाचा आठवडा लागतोय, त्या परदेशी हेराची कामं केलेले पाचही नट सोमवार ते शुक्रवार रोज एक, हे ऐकून मला दुपारी झोप लागली नाही. मी सोमवारी येणार. १६ मार्चला. पहिल्याचा दिवस. बाकीचे चार तू तुझ्या माणसांना दाखव. मंगळवारी तुझा तो दुसरा आहे म्हणे, लाकडाचा ओंडका. त्याच्या अंगावर कोट चढवला काय आणि खुंटीला अडकवला काय, सारखंच दिसणार.

या वेळी एकटा येत नाही. बॉबिनला आणतोय. तिला नोकरी लागली. आग विझवणाऱ्या लोकांचे जाड कोट बनवणारा कारखाना आहे, तिथे शिवण तपासायची. २२ तारखेला ती निघेल. चांगलं झालं, मी देवाचे आभार मानले. पण परवा कपाट आवरताना तिने सहज विचारलं, बाबा, तुमच्या घरात कुणी शिंपी नव्हतं, मग तुम्ही कसे झालात? मी म्हटलं, सांगत नाही, दाखवतो.

तुला ठाऊकच आहे. मी नऊ वर्षांचा होतो. मामांचा, म्हणजे तुझ्या बाबांचा, सिनेमाचा तंबू आमच्या गावाबाहेर लागला होता. पडद्यावर साहेबाला टेबलाशी बसून कोटाचं अस्तर उसवताना मी पाहिलं. त्याने आतला कागद काढला, सुई ओवली, सात टाके घातले, कोट झटकून अंगात घातला आणि शत्रूच्या मेजवानीत जाऊन बसला. तोवर मला वाटायचं, शूर माणसाच्या हातात बंदूक असते. दुसऱ्या दिवशी मी आईच्या डब्यातली सुई चोरली. तेव्हापासून आजवर आमच्या घरातली भाकरी त्या सात टाक्यांवर भाजली जातेय. पोरगी घर सोडायच्या आधी तिला ते एकदा दाखवायचं आहे. त्यापलीकडे काही मागणं नाही.

मामांना माझा नमस्कार सांग. ऐकू गेलं नाही तर पायाला हात लावून सांग.

तुझा,
दादा


१५ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तिसऱ्या रांगेत मधल्या दोन खुर्च्या तुमच्या. मी स्वतः त्यांच्यावर खडूने फुल्या मारून आलो. बॉबिनला सांग, काका तिला वर यंत्राच्या खोलीत नेऊन दाखवणार आहे, पण तिथे आता रीळ-बीळ काही नाही. पुस्तकाएवढा एक डबा येतो, तो खोबणीत सरकवायचा आणि बटण दाबायचं. चित्रपट आधी एकदा पूर्ण पाहून तपासायचा, एवढंच काम उरलंय. तू मला अजून रीळमास्तर म्हणतोस, बरं वाटतं.

आता ओंडक्याविषयी. पहिला प्रत्येक दार लाथेने उघडतो. दुसरा आधी मूठ फिरवून बघतो. दहातली सहा दारं उघडीच असतात. याला मी अक्कल म्हणतो. हेराने कुणाच्या नजरेत भरू नये. तुझा पहिला खोलीत शिरला की दिवेसुद्धा त्याच्याकडे वळतात. असा माणूस तीन दिवसांत पकडला जाईल. माझा दुसरा चाळीस वर्षं नोकरी करून निवृत्त होईल आणि शेजाऱ्यांना कळणारही नाही.

माझ्या घरच्या सरकारला काल विचारलं की पाचांतला खरा साहेब कोण. ती म्हणाली, पाचांपैकी एकाने तरी जेवल्यावर स्वतःचं ताट उचललेलं दाखवा, मग बोलू.

बाबा बरे आहेत. चौऱ्याऐंशी पूर्ण झाली. कान गेलेत, पण आवाज तसाच आहे, तंबूतला. पाणी मागतात तेव्हा तीन घरं पलीकडे कळतं.

तुझा,
रीळमास्तर


२१ फेब्रुवारी

प्रिय रीळमास्तर,

दार मूठ फिरवून उघडणं ही अक्कल असेल तर माझा दुधवाला सर्वांत मोठा हेर आहे.

तुझं एक मात्र नेहमी चुकतं. तू चेहरा बघतोस, चालणं बघतोस. मी हात बघतो. त्या प्रसंगात साहेब पाठमोरा आहे, डोक्यावर टोपी, टेबलावर एक दिवा, आणि मग बराच वेळ पडद्यावर नुसते हात. आठव ते हात. सुई बोटाच्या टोकाने नाही, मधल्या बोटाच्या कडेने ढकलली जाते. दोरा तोडताना झटका नाही. मी चाळीस वर्षं हा धंदा करतोय. असं शिवायला शिकवावं लागतं. पहिल्याने त्या कामासाठी एखाद्या शिंप्याकडे चार-सहा महिने काढले असणार. याला म्हणतात अभिनय. तुझ्या दुसऱ्याला बटण लावायला सांगितलं असतं तर तो डिंक घेऊन आला असता.

बॉबिनला मी सगळं सांगितलं. ती म्हणते, बाबा, तुम्ही नऊ वर्षांचे होता, तुम्हाला आठवतंय ते खरंच तसं असेल का? ती पाचव्याची चाहती, ज्याला मारलं की लागतं आणि रडू येतं. म्हणते, तो माणूस वाटतो. मी म्हटलं, माणसं आपल्याला रोज भेटतात, साहेबाला साहेब असू दे.

तिच्यासाठी कोट शिवायला घेतलाय. राखाडी लोकर, निळं अस्तर. आतला खिसा डाव्या बाजूला, साहेबाचा होता तिथे. अस्तराचे शेवटचे टाके तेवढे उघडे ठेवलेत. चित्रपट बघून आल्यावर तिच्यासमोर घालीन.

आता तिथे ती दिवसभर मशिनची शिवण तपासेल. पुन्हा सुई हातात धरेल की नाही, कोण जाणे. म्हणूनच घाई.

तुझा,
दादा


१ मार्च

प्रिय दादा,

पत्र मिळालं. एक अडचण झाली आहे. तिसऱ्या रांगेतल्या खुर्च्या दुरुस्तीला काढल्या. शिवाय पहिल्याच्या चित्रपटाचा आवाज नीट नाही, मध्येमध्ये खरखरतो. आणि त्या आठवड्यात इथे ऊनही फार असेल. बॉबिनच्या जाण्याची गडबड आहेच, तेव्हा तुम्ही उगाच धावपळ करू नका. ती सुट्टीत येईल तेव्हा सवडीने काहीतरी चांगलं बघू.

कोट छान होऊ दे. सर्वांना नमस्कार.

तुझा,
रीळमास्तर


५ मार्च

प्रिय भावा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात एकही शिवी नाही. तुझ्या दुसऱ्याचं नाव नाही, माझ्या पहिल्याची टिंगल नाही. तीस वर्षांत असं पत्र तुझ्याकडून आलं नव्हतं. खुर्च्या मोडल्या तर मी उभा राहीन. आवाज खरखरत असेल तर मला शब्द नकोच आहेत, हात बघायचे आहेत. आणि ऊन काय मला नवीन आहे?

पहिल्यांदा वाटलं, मामांना काही झालं असावं आणि तू लपवतोयस. तुझ्या घरी फोन केला. फोन मामांनीच उचलला आणि माझा कान अजून दुखतोय, म्हणजे ते ठणठणीत आहेत. मी साहेबाबद्दल विचारलं तर म्हणाले, ऐकू येत नाही. मी काहीच न बोलता थांबलो, तरी पुन्हा म्हणाले, ऐकू येत नाही. मग फोन ठेवला.

मग माझीच चूक असणार. डिंकाचं मी लिहायला नको होतं. कदाचित बॉबिनसमोर मी तुझ्या दुसऱ्याला नावं ठेवीन आणि तुझ्याच थिएटरात, तुझ्याच माणसांत तुला खाली बघावं लागेल, असं तुला वाटलं असेल. तसं असेल तर मला माफ कर. मी आज देवापुढे बसून शांतपणे विचार केला आणि दुसऱ्याविषयी चांगलं काय बोलता येईल ते शोधलं. त्याचे बूट नेहमी स्वच्छ असतात. जेवताना तो कोपर टेबलावर टेकवत नाही. आणखीही सापडेल, थोडा वेळ दे.

पण मला येऊ नको म्हणायचं असेल तर खुर्च्यांवर ढकलू नकोस. सरळ सांग.

तुझा,
दादा


८ मार्च

प्रिय दादा,

तू माझ्या दुसऱ्याच्या बुटांची स्तुती केलीस आणि मला लाजेने जेवण गेलं नाही. ऐक, सरळ सांगतो.

२६ तारखेला पाचही डबे आले. तुझा पहिला मी सगळ्यांत आधी लावला. रिकाम्या थिएटरात एकटा बसून पाहिला. त्यात तो प्रसंग नाही. कोट आहे, मेजवानी आहे, पण सुई नाही, दोरा नाही. आधी वाटलं डोळा लागला असेल. पुन्हा लावला. साहेब छपरावरून नावेत उडी मारतो आणि तिथून थेट मेजवानीत जातो. कागद त्याच्याकडे कुठून आला, ते कुणी विचारतही नाही.

मग बाकीचे चार पाहिले. प्रसंग सापडला. तसाच, तू सांगतोस तसा. पाठमोरा माणूस, टोपी, टेबल, दिवा, हात, सात टाके. मी मोजले. दादा, तो मंगळवारच्या चित्रपटात आहे. तो दुसरा आहे.

घरी येऊन बाबांना विचारलं. लिहून विचारलं, म्हणजे ऐकू न आल्याची सबब नको. त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. मग सांगितलं. तुमच्या गावाच्या आधीच्या मुक्कामी पाचवं रीळ यंत्रातच जळालं होतं. तुमच्याकडे तंबू भरला, माणसं येऊन बसली, आणि मध्ये पंधरा मिनिटांचं भगदाड. पेटीच्या तळाशी दुसऱ्याच्या चित्रपटाचं एक सुटं रीळ पडलेलं होतं. बाबांनी त्यातला पाठमोरा भाग निवडून मध्ये जोडून दिला. भाषा तर तशीही कुणाला कळत नव्हती. तुला आठवत असेल, बाबा पडद्याशेजारी भोंगा घेऊन उभे राहायचे आणि आपल्या भाषेत गोष्ट सांगायचे. साहेब हे नावही त्यांचंच, खरं नाव त्यांच्या जिभेला वळत नव्हतं म्हणून. त्या दिवशी त्यांनी आवाज चढवला आणि सांगितलं, आता साहेब अस्तरातला कागद काढतोय. झालं. सगळ्यांना पटलं. ते म्हणाले, "लोकांना परत पाठवण्यापेक्षा साहेबाला जरा वेळ शिवायला बसवला. त्यात कुणाचं काय गेलं?"

मग हळू आवाजात, म्हणजे फक्त आमच्या घरात ऐकू जाईल इतक्या आवाजात, म्हणाले, "भाच्याला सांगू नकोस. त्याचं दुकान उभं आहे त्याच्यावर."

आता माझं ऐक. तीस वर्षं मी या एका पत्त्याची वाट बघत होतो. तुला चितपट करणारा हुकमाचा पत्ता, आणि तो आयता हातात आला. मला वाटलं होतं मी नाचेन. पण तू लेकीला घेऊन येणार होतास. तो पत्ता टाकायला हात उठला नाही.

तू काय ठरवशील ते खरं. खुर्च्या शाबूत आहेत.

तुझा,
रीळमास्तर


१३ मार्च

काका, नमस्कार.

हे पत्र मी लिहितेय, कारण बाबा म्हणतात त्यांचा हात थरथरतोय. काळजी करू नका, कशाने ते सांगते.

तुमचं पत्र परवा आलं. बाबांनी वाचलं आणि इस्त्री करायला उभे राहिले. एकच बाही तीनदा इस्त्री केली. जेवले नाहीत. काल सकाळी प्रार्थनेला बसले ते नेहमीपेक्षा खूप वेळ बसले. आईने मला खुणेने विचारलं, मी खुणेने सांगितलं, राहू दे. दुकानात आल्यावर त्यांनी माझा कोट हातात घेतला, अस्तराच्या उघड्या जागेत बोटं घातली. मला वाटलं आता रडतील. त्यांनी विचारलं, "मी त्याला काय काय म्हटलंय ग इतक्या वर्षांत?" मी आठवेल तेवढं सांगितलं. ओंडका. खुंटी. पुतळा. इस्त्री केलेलं पोतं. डिंक घेऊन येणारा.

पोत्याला त्यांना पहिलं हसू फुटलं. डिंकाला ते टेबलावर पडले. टाचण्यांची डबी उलटली, आई आतून धावत आली, तिला काही सांगायचं तर शब्द फुटेना. शेवटी मी सांगितलं. मग तीही हसायला लागली आणि म्हणाली, चाळीस वर्षं ज्याचं खाल्लं त्यालाच नावं ठेवली. एक गिऱ्हाईक दारात येऊन परत गेलं.

आज सकाळी पत्र लिहायला बसलो तरी मधूनच हसतात, म्हणून हात थरथरतोय.

निरोप असा. सोमवारच्या खुर्च्यांवरच्या फुल्या पुसा आणि मंगळवारी मारा. तीन हव्यात. तिसरी आजोबांची. त्यांना आणलं नाही तर आम्ही पडद्याकडे पाठ करून बसू, हे बाबांचे शब्द आहेत.

माझं म्हणाल तर मला अजून पाचवाच आवडतो. पण आजोबांना भेटायची मला फार उत्सुकता आहे. एवढ्या लोकांसमोर एवढं बिनदिक्कत खोटं बोललेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

तुमची,
बॉबिन


२३ मार्च

प्रिय रीळमास्तर,

पोरीला काल गाडीत बसवून आलो. घर जरा मोठं झाल्यासारखं वाटतंय. म्हणून आधी तुला लिहायला बसलो.

मंगळवारी तू वर काचेमागे होतास, त्यामुळे खाली काय झालं ते तुला अर्धंच कळलंय. दुसऱ्या दिवशी चहा पिताना मी मुद्दाम सगळं सांगितलं नाही. जे पाहिलं ते आधी मला घरी येऊन स्वतःशी नीट जुळवून बघायचं होतं.

दिवे गेले. तुझा ओंडका पडद्यावर आला. दार मूठ फिरवून उघडलं. उघडंच होतं. मी काही बोललो नाही. मामा माझ्या उजवीकडे, बॉबिन डावीकडे. मामा सारखे खुर्चीत चुळबुळत होते. मला बघितल्यापासून त्यांनी माझ्या डोळ्यांत बघायचं टाळलं होतं. मग तो प्रसंग आला. टेबल, दिवा, टोपी. सगळं तस्संच. आणि तेवढ्यात मामा उठून उभे राहिले.

चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, काठी खुर्चीवर, हात पडद्याकडे, आणि तोच आवाज, भोंगा नसताना. "आता साहेब अस्तर उसवतोय. कागद आत आहे. बाहेर पहारा आहे. साहेब सुई ओवतोय, बघा, हात हलत नाही." पुढच्या रांगेतली माणसं वळली. कुणीतरी गप्प बसा म्हणेल म्हणून मी तयार होतो. कुणी म्हणालं नाही. एक बाई तर आपल्या पोराला मांडीवर घेऊन मामांकडे तोंड करून बसली. मामांनी टाके मोजले. एक, दोन, तीन. चारला मागच्या रांगेने आवाजात आवाज मिसळला. सातला सगळं थिएटर ओरडलं. तुला वर वाटलं ना, खाली भांडण लागलं? तू धावत जिना उतरलास तो त्याचसाठी. मामा खाली बसले, माझा हात धरला आणि आता कुठे माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या पायाला हात लावला. ते म्हणाले, "रागावला नाहीस ना?" मी नाही म्हणून मान हलवली.

आता खरी गोष्ट. मी हात बघत होतो, हे तुला सांगायला नको. नऊ वर्षांचा होतो तेव्हा मला बघता येत नव्हतं, आता येतं. उजव्या हाताचा अंगठा. त्याच्या सांध्यावर एक घट्टा आहे, जुना, पिवळट. माझ्या अंगठ्यावरही तोच आहे. मोठी कात्री वीस-पंचवीस वर्षं चालवल्याशिवाय तो येत नाही. आणि मधल्या बोटाला अंगुस्तान, सुई ढकलायची ती धातूची टोपी, तिची वर्तुळासारखी खूण पडलेली. पुढच्याच क्षणी तुझा दुसरा त्याच्या चित्रपटातल्या मेजवानीत पेला उचलतो. त्याचा अंगठा लोण्यासारखा गुळगुळीत. मी डोळे चोळले. मग डावीकडून बॉबिन माझ्या कानाशी लागली आणि म्हणाली, बाबा, हे हात याचे नाहीत.

मी तिला काही दाखवलं नव्हतं. तिने आपणहून पाहिलं.

रीळमास्तर, तो पहिला नाही. तो दुसराही नाही. त्या दिवशी तिथे कपडे सांभाळायला आलेला कुणीतरी शिंपी असणार. नटाला सुई धरता येईना म्हणून त्याला म्हणाले असतील, तू बस जरा, तोंड दिसणार नाही. तो बसला असेल, सात टाके घातले असतील आणि उठून आपल्या कामाला गेला असेल. शेवटी पडद्यावर नावं वर सरकत गेली तेव्हा लोक उठून जात होते आणि आम्ही दोघं बसून वाचत होतो. बॉबिन भराभर वाचते. शिंपी असं कुठे नव्हतं. त्याच्या हाताने एका गावातल्या एका पोराचं आयुष्य शिवलं, हे त्याला कधी कळलं नसेल. मी आता रोज सकाळी त्याच्यासाठीही हात जोडतो. नाव ठाऊक नाही, पण ज्याला सांगायचं त्याला ठाऊक असेल.

घरी आल्यावर कोट घेऊन बसलो. म्हटलं, बघ, आता तुझ्यासमोर शेवटचे टाके घालतो. तिने कोट माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाली, द्या, मी घालते, तुम्ही फक्त अंगठा बघा. सात घातले. चौथा किंचित तिरका गेला, पण मी काही बोललो नाही आणि तिने तो स्वतःच उसवून पुन्हा घातला. काल तोच कोट घालून गाडीत चढली. ऊन होतं तरी घातला. सुयांची एक पुडी तिने आतल्या खिशात ठेवली आहे, हे तिच्या आईने पाहिलं आणि मला सांगितलं.

तेव्हा आपला वाद मिटला असं समजू नकोस. तुझा दुसरा ओंडकाच आहे आणि मी हे थिएटरच्या दारात उभा राहून सांगेन. फक्त एवढं कबूल करतो, त्या ओंडक्याला स्वतःला जमत नाही ते ज्याला जमतं त्याच्या हातात द्यायची अक्कल होती. माझ्या पहिल्याने सुई स्वतःच धरली असती आणि बोटाला टोचून घेऊन पाच मिनिटं सगळ्यांकडे बघितलं असतं.

मामांना सांग, पुढच्या वेळी सोमवारीही येणार. पहिल्याच्या चित्रपटात तेवढी जागा अजून रिकामी आहे. छपरावरून नाव, आणि नावेतून थेट मेजवानी. मध्ये काय झालं ते त्यांनी उभं राहून सांगावं.

तुझा,
दादा